पोत्याची मागची बाजू

पशुखाद्याच्या धंद्यात पोत्यावरच्या चित्राला किंमत नसते. चित्रात जर्सी गाय असते, कास जमिनीला टेकायला आलेली, मागे हिरवंगार कुरण. पोतं न्यायला आलेला शेतकरी त्याकडे ढुंकूनही बघत नाही. तो पोत्याच्या तोंडाशी शिवलेली चिठ्ठी वाचतो. प्रोटीन किती, फॅट किती, फायबर किती. मग फोडलेल्या पोत्यातली मूठभर कांडी घेऊन वास घेतो, एखादी दाताखाली चावून बघतो. जास्तच चिकित्सक असला तर घरी नेऊन बादलीभर पाण्यात भिजत घालतो आणि तळाला वाळू किती बसली ते बघतो. एवढं करूनही शेवटचा निकाल डेअरीवर लागतो. दुधाची फॅट खाली आली की दोन-चार दिवसांत तो माणूस दुकानाच्या पायरीवर उभा, आणि त्या वेळी चहा विचारायची सोय नसते.

कराडला वडिलांनी सरकी पेंड, गोळी पेंड, चुनी आणि भुसा विकायला सुरुवात केली. मी त्याच गादीवर मोठा झालो. मांजराचं खाद्य दुकानात आलं ते गिऱ्हाइकांमुळे. 2020च्या लॉकडाऊनमध्ये पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली पोरं लॅपटॉप घेऊन गावाकडे आली. काहींच्या काखेत पर्शियन मांजरं होती. ती मांजरं भाकरीला तोंड लावेनात, आणि अख्ख्या पेठेत ‘खाद्य’ म्हणून पाटी असलेलं दुकान आमचं. वडिलांना हे सगळं फार गमतीचं वाटलं. “मांजराला विकत घेऊन घालायचं?” आमच्या गोडाऊनमध्ये मांजर पिढ्यान् पिढ्या होतं, पण त्याला कोणी वाढत नव्हतं. पेंडीला उंदीर आणि उंदराला मांजर, असा तो व्यवहार होता.

वडिलांच्या त्या प्रश्नाचं उत्तर मला पुढे गोडाऊनमध्येच सापडलं. उंदीर हे मांजराचं पूर्ण खाद्य आहे. मांस, चरबी, काळीज, हाडातलं कॅल्शियम, वर सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी. एका लहान उंदरात साधारण 30 कॅलरी धरल्या तर चार किलोच्या मांजराला दिवसाला सात-आठ उंदीर लागतात. त्यात पिठाचा अंश जवळजवळ नाहीच. मांजराचं शरीर या आहारावर घडलेलं आहे. फ्लॅटमध्ये चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या मांजराला सात-आठ उंदीर कुठून आणायचे? ते कारखान्यात बनवून पिशवीत भरलेले असतात, किंवा असायला हवेत. पिशवीतला माल त्या उंदराच्या किती जवळ जातो, एवढंच तपासायचं असतं.

गाईचं खाद्य विकणाऱ्याला हे समजायला थोडा वेळ लागतो, कारण गाय आणि मांजर ही दोन टोकं आहेत. गाईच्या पोटात जंतूंचा कारखाना आहे. कडबा घाला, त्यातून ती दूध काढते. गाईच्या खाद्यात थोडा युरियासुद्धा चालतो, कारण पोटातले जंतू त्यातल्या नत्रापासून प्रथिनं बनवतात. हिरव्या चाऱ्यातल्या कॅरोटीनपासून तिचं शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं. मांजराला यातलं काही जमत नाही. गाजर कितीही खाल्लं तरी त्यातून त्याला अ जीवनसत्त्व मिळत नाही, ते प्राण्याच्या मांसातून किंवा काळजातून आयतंच मिळावं लागतं. टॉरिन नावाचं एक द्रव्य आहे, तेही त्याला पुरेसं बनवता येत नाही. ते मांसात आणि मासळीत असतं. डाळ-तांदळात नसतं.

या टॉरिनची हकिकत मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो. अमेरिकेत एके काळी बाजारातलं नावाजलेलं खाद्य खाणारी मांजरंही हृदय पसरट आणि दुबळं होऊन मरत होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पॉल पायन या पशुवैद्यकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1987 साली दाखवून दिलं की त्या मांजरांच्या रक्तात टॉरिन कमी आहे, आणि ते दिलं की हृदय सुधारतं. त्याच्या कमतरतेने डोळ्याचा पडदा खराब होतो हे त्याआधीच माहीत झालं होतं. मग कंपन्यांनी खाद्यातलं टॉरिन वाढवलं. आज पिशवीच्या मागे घटकांच्या यादीत ते शेवटी शेवटी बारीक अक्षरात छापलेलं असतं. मी पिशवी उलटी करून त्यावर नख ठेवतो. ज्या पिशवीवर तो शब्द सापडत नाही ती मी ठेवत नाही. कुत्र्याचं खाद्य मांजराला का चालत नाही, हे विचारणारे खूप असतात (घरात दोन्ही असतात आणि कुत्र्याचं पोतं स्वस्त पडतं). त्यांनाही मी तोच शब्द शोधायला सांगतो. कुत्रा टॉरिन स्वतः बनवतो, म्हणून त्याच्या पोत्यात ते मांजराच्या हिशोबाने घातलेलं नसतं.

एकदा शनिवार पेठेतल्या एक आजी आल्या. सोवळ्याचं घर. मांजराला रोज दूधभात. मांजर रोडावलेलं, अंगावरचे केस राठ झालेले आणि पोट कायम सैल.

“अहो, दूधच तर पितंय ते. दुधाने कधी कुणाचं वाईट झालंय?”

मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही, म्हणून पोट सैल राहतं, असं मी सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. जन्मभर मांजरं दूध पिताना बघितलेल्या बाईला ते का पटावं? पण त्यांची खरी अडचण वेगळी होती. पिशवी हातात घेऊन त्यांनी हळूच विचारलं, “ह्यात काय आहे रे?”

“कोंबडीचं मांस आहे, आजी. वाळवून दळलेलं.”

खोटं बोलून पिशवी खपवता आली असती. गोळ्या दिसायला हुलग्यासारख्या, वास मासळीचा कमी आणि मसाल्याच्या दुकानातल्यासारखा जास्त. आजींनी पिशवी पुन्हा कट्ट्यावर ठेवली, चष्मा पुसला, परत उचलली. “लहान पिशवी दे. पडवीत ठेवीन, घरात आणायची नाही. आणि वाटी त्याची वेगळी.” पैसे देताना म्हणाल्या, “त्याचा धर्म त्याला, आपला आपल्याला.” पुढे त्या मोठी पिशवी नेऊ लागल्या. दूध बंद केलं का, हे मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

आता मागची बाजू कशी वाचायची ते जरा नीट सांगतो, कारण सगळी बचत तिथे आहे. पुढच्या बाजूला ‘ओशन फिश’ किंवा ‘टूना’ लिहिलेलं असतं. मागे घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिल्या दोन-तीन जागांवर कोंबडी, मासळी, त्यांचं मील, काळीज असं काही हवं. तिथे मका, गहू, तांदळाचा कोंडा आणि सोया यांनीच रांग लावली असेल, तर तुम्ही मांजरासाठी गोळी पेंड विकत घेताय. त्यातही एक खुबी आहे. ‘ताजी कोंबडी’ पहिल्या नंबरावर दिसली की लोक खूश होतात. पण ताज्या मांसात सत्तर टक्के पाणी. ते पाणी भट्टीत उडून गेलं की ती कोंबडी यादीत बरीच खाली घसरली असती. उलट ‘चिकन मील’ हा शब्द ऐकायला रुक्ष, पण ते आधीच वाळवलेलं असतं, वजनामागे प्रथिनं जास्त. तेव्हा नुसत्या पहिल्या नावावर भाळू नये.

मग आकडे. समजा प्रोटीन 30, फॅट 10, फायबर 4, पाणी 10, आणि राख म्हणजे खनिजं 8 टक्के. बेरीज 62. उरलेले 38 टक्के काय? ते कुठेच छापलेलं नसतं, पण ते पीठ. गोळी फुलून घट्ट धरायला थोडं पीठ लागतंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण ही वजाबाकी केली की दोन पिशव्यांतला फरक लगेच समोर येतो. अमेरिकेत पशुखाद्याचे मानदंड ठरवणारी ‘आफ्को’ नावाची संघटना आहे. तिच्या हिशोबात मोठ्या मांजराच्या खाद्यात, पाणी वजा करून, किमान 26 टक्के प्रोटीन हवं. पिलांना आणि गाभण मांजरीला 30. आपल्याकडच्या बऱ्याच पिशव्याही तिचाच दाखला देतात. आणि एक शब्द नक्की शोधावा, ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’. म्हणजे मांजर फक्त याच्यावर जगू शकतं. ज्या पाकिटावर ‘कॉम्प्लिमेंटरी’ किंवा ‘ट्रीट’ लिहिलंय ते वरचं खाणं झालं. चाटायच्या त्या नळ्या मांजरांना फार आवडतात, पोरं एका वेळी डझनभर नेतात. पण त्यांवर जेवण भागत नाही.

‘पाणी वजा करून’ हे मी मुद्दाम म्हणालो. ओल्या खाद्याच्या पाऊचवर प्रोटीन 9 टक्के छापलेलं बघून लोक ते खाली ठेवतात आणि 30 टक्केवाली कोरडी पिशवी उचलतात. पाऊचमध्ये 82 टक्के पाणी आहे. उरलेल्या 18 मध्ये 9 प्रोटीन, म्हणजे निम्मं. कोरड्या पिशवीत 90 मध्ये 30, म्हणजे एक तृतीयांश. मालाच्या दृष्टीने पाऊच सरस. खिशाच्या दृष्टीने मात्र तो भारी पडतो. 85 ग्रॅमच्या पाऊचात 70 कॅलरी धरा, मांजराला दिवसाला 220 हव्यात, म्हणजे तीन पाऊच. चाळीस रुपयांचा एक धरला तरी रोजचे 120. महिन्याला 3,600. आमच्याकडे एवढ्यात गाईचंही बरंचसं भागतं.

प्रोटीनच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, हे मात्र पेंडीच्या धंद्याने मला आधीच शिकवलं होतं. प्रयोगशाळेत प्रोटीन थेट मोजत नाहीत. नत्र मोजतात आणि त्याला 6.25 ने गुणतात. म्हणून पेंडीत गुपचूप जास्त युरिया मिसळला की चिठ्ठीवरचं प्रोटीन वाढतं आणि गाय मात्र आजारी पडते. हा खेळ आमच्याकडे जुना आहे. 2007 मध्ये तोच खेळ मांजरांच्या जिवावर बेतला. चीनहून गव्हाचं ग्लुटेन म्हणून जो माल उत्तर अमेरिकेत गेला त्यात मेलामाइन मिसळलेलं होतं. मेलामाइन हा प्लास्टिक उद्योगातला पदार्थ, त्यात नत्र भरपूर. तो आणि त्याच्या सोबतचं सायन्युरिक आम्ल मूत्रपिंडात जाऊन खडे धरतात. त्या मार्चमध्ये कॅनडातल्या मेनू फूड्स या कंपनीने सहा कोटी डबे आणि पाऊच परत मागवले. त्यातली मला सगळ्यात बोलकी वाटणारी गोष्ट पुढे आहे. त्या एका कंपनीचा माल कितीतरी वेगवेगळ्या नावांनी विकला जात होता, स्वस्त लेबलाखाली आणि महाग लेबलाखालीही. महागाची पिशवी घेतली म्हणजे सुटलो, असं समजणाऱ्यांना मी ही हकिकत ऐकवतो.

मग स्वस्त आणि चांगलं म्हणजे नेमकं काय? किलोचा भाव विचारणारा माणूस मला अर्धवट वाटतो. शेतकरी पोत्याचा भाव विचारतो, पण मनात हिशोब लिटरमागे करतो. इथेही दिवसाचा हिशोब करावा. समजा एक पिशवी 250 रुपये किलो, आणि तिच्या एका किलोत 3,100 कॅलरी. दुसरी 400 रुपये किलो, कॅलरी 3,900. रोजच्या 220 कॅलरींना पहिलीचे 71 ग्रॅम लागतात, दुसरीचे 56. दिवसाचा खर्च पहिलीला पावणेअठरा रुपये, दुसरीला साडेबावीस. भावात दीडशे रुपयांचा फरक दिसत होता, रोजच्या वाटीत तो पाच रुपयांवर आला. आणि पहिल्या पिशवीतलं जे पचत नाही ते मातीच्या ट्रेमध्ये जास्त पडतं, त्या मातीचेही पैसे लागतातच. मी हे कट्ट्यावरच्या कॅल्क्युलेटरवर करून दाखवतो. काही जण तरीही पहिलीच नेतात, कारण महिनाअखेरीला हातात 250च असतात. ते मला समजतं. अशा वेळी स्वस्तातल्या पिशव्यांमधली ज्यात टॉरिन आहे, जी ‘कम्प्लीट’ आहे आणि जिच्या यादीत मांस वर आहे ती मी पुढे करतो. अशा असतात, शोधाव्या लागतात.

दुकानदार म्हणून इथे एक गोष्ट सांगून टाकतो. ज्या मालाची जाहिरात कमी त्यात आम्हाला सुटतं जास्त. दहा पिशव्यांवर एक फुकट, दिवाळीला कुकर, असली स्कीम घेऊन सेल्समन येतात. तुमचा दुकानदार एखाद्या अनोळखी पिशवीची फारच तारीफ करायला लागला तर त्याच्या पाठीमागे कुकरचा खोका दिसतोय का ते बघावं. आणि सरकारचा वाटाही आहे. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा गाईचं खाद्य करमुक्त राहिलं आणि मांजराच्या पिशवीला 18 टक्के लागले. सरकारच्या लेखी मांजर म्हणजे चैन. गोडाऊनवाल्याला विचारायला हवं होतं.

सुट्टं खाद्य मी विकत नाही. मोठं पोतं फोडून पाव-पाव किलो देणारे आहेत, ते स्वस्तही पडतं. पण गोळीवर चरबीचा थर असतो. पोतं उघडं राहिलं की ती खवट होते, पावसाळ्यात तर किडेही होतात. एकट्या मांजरासाठी पाच-सात किलोचं पोतं नेणाराही नुकसानीतच असतो. महिन्या-सव्वा महिन्यात संपेल एवढंच न्यावं, पिशवीसकट डब्यात ठेवावं.

घरी शिजवून घालणाऱ्यांची बाजू मी मनापासून ऐकतो, कारण ती खोटी नाही. शुक्रवारी कोंबडीवाल्याकडून मान, काळीज, काटछाट घेतली तर थोडक्यात काम होतं. कुंभार्ली घाट चढून चिपळूणकडची मासळी आपल्याकडे येते, त्यातली बारकी मासळीही परवडते. पण नुसत्या उकडलेल्या कोंबडीत कॅल्शियम नाही. पिलांची हाडं मऊ राहतात, उडी मारताना मोडतातसुद्धा. नुसतं काळीज रोज दिलं तर अ जीवनसत्त्वाचा अतिरेक होऊन मान आखडते. काही माशांत, कच्चे दिले तर, थायमिन मोडून टाकणारं द्रव्य असतं. सुकटीत मीठ. आणि आपल्या रश्श्यातला कांदा-लसूण तर मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशीच फोडतो. म्हणून माझा सल्ला मधला असतो. पोट भरण्याचं काम चांगल्या ‘कम्प्लीट’ कोरड्या खाद्याला द्यावं, आणि वरून एखाददुसरा चमचा उकडलेली कोंबडी तिच्या बिनमिठाच्या पाण्यासकट. त्या पाण्याचं महत्त्व मोठं आहे. कोरडं खाणारं मांजर पाणी कमी पितं, आणि बोक्यांची लघवी अडकते. बोका ट्रेमध्ये बसून कण्हतोय आणि थेंब येत नाही, असं कोणी सांगितलं की मी पिशवी विकत नाही. गाडी काढा आणि डॉक्टरकडे जा, म्हणतो. तिथे तासांचा प्रश्न असतो.

नवीन पिशवी आणली की जुनीत थोडी थोडी मिसळत आठवडाभराने पूर्ण बदलावी. “नाही खात? राहू दे उपाशी, भूक लागली की खाईल,” हे म्हशीला चालतं. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर चरबी यकृतात साठून ते दगावू शकतं. मांजराचा हट्ट मोडायला जाऊ नये, तो स्वस्तात पडत नाही.

सध्या माझं सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे कॉलेजच्या होस्टेलवरची पोरं. आवारातल्या मांजरांना खायला घालतात, वर्गणी काढून. पहिल्यांदा आली तेव्हा त्यांना सगळ्यात स्वस्त पोतं हवं होतं, कारण मांजरं वाढतच होती. आम्ही कट्ट्यावर बसून कागद मांडला. मांजरीची गाभण राहण्याची मुदत सव्वादोन महिन्यांच्या आत, आणि पिलं दूध पितायत तोवर ती पुन्हा गाभण. त्यातून वर्षाला दोन-तीन वेत सहज. मी त्यांना म्हटलं, तुम्ही पोत्याचा भाव खाली आणायला बघताय आणि तोंडं वाढतायत. एका पोराने विचारलं, “मग काका, दोन महिने पोतं नका देऊ, त्या पैशात माद्यांचं ऑपरेशन होतं का?” उपाशी ठेवून नको, म्हटलं, पोतं उधारीवर न्या. त्यांनी एकेक करून माद्या पिंजऱ्यात धरून नेल्या, हॉटेलातला फ्राय मासा आमिषाला लावून. आता ती पोरं मधल्या भावाची पिशवी नेतात, महिन्याला तेवढीच, आणि पाच तारखेला खानावळीच्या आधी माझी उधारी देतात. एक बोका तेवढा अजून हाती लागत नाही.